रोपवे कुणाचा? न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटाचं एक प्रकरण

न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये, मॅनहॅटन आणि क्वीन्स या शहराच्या दोन विभागांच्या मधोमध, रूझवेल्ट आयलंड नावाचं एक चिंचोळं बेट आहे. लांबी साधारण सव्वातीन किलोमीटर, रुंदी जिथे सर्वांत जास्त तिथेही अडीचशे मीटरच्या आत. वस्ती बारा हजारांच्या आसपास. मुख्य रस्ता एकच, आणि त्याचं नावही मेन स्ट्रीट. कागदोपत्री हे बेट मॅनहॅटनमध्ये मोडतं, पण मॅनहॅटनहून मोटारीने इथे थेट येता येत नाही. क्वीन्सबरो पूल बेटाच्या डोक्यावरून जातो, उतरत मात्र नाही. मोटारवाल्याने आधी पलीकडे क्वीन्स गाठायचं आणि तिथून १९५५ साली झालेल्या छोट्या पुलावरून मागे यायचं. बाकीच्यांसाठी जमिनीखालून जाणारी एफ मेट्रो आहे, २०१७ पासून बोट आहे, आणि १९७६ पासून रोपवे आहे.

हे प्रकरण त्या रोपवेचं. निदान वरवर तरी. त्यामागचा प्रश्न असा, की जी संस्था तुमचा रस्ता झाडते, तुमची बस चालवते, तुमच्या गल्लीतली दुकानं भाड्याने देते, ती तुम्ही निवडून दिलेलीच नसेल तर तिच्याकडून काम करून कसं घ्यायचं? रूझवेल्ट बेटाची पन्नास वर्षं पाहिली की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. बिघाड जिथे चारचौघांच्या डोळ्यांत भरला, तिथे रहिवाशांचं ऐकलं गेलं. निर्णय जिथे करारपत्रांत आणि भाडेपट्ट्यांत दडलेले होते, तिथे त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा फक्त सभेत दोन शब्द बोलण्याची संधी आली.

नको असलेल्यांचं बेट

१८२८ साली न्यूयॉर्क शहराने ब्लॅकवेल कुटुंबाकडून हे बेट ३२,००० डॉलरना विकत घेतलं. शहराला जे डोळ्यांसमोर नको होतं, ते इथे आलं. १८३२ मध्ये तुरुंग, १८३९ मध्ये वेड्यांचं इस्पितळ, १८५६ मध्ये देवीच्या रोग्यांचं इस्पितळ. १८८७ साली नेली ब्लाय ही तरुण वार्ताहर वेडाचं सोंग घेऊन त्या इस्पितळात दहा दिवस राहिली आणि आतले हाल तिने वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर आणले. १९२१ मध्ये बेटाचं नाव 'वेल्फेअर आयलंड' झालं. पुढे तुरुंग रायकर्स बेटावर गेला. उरली ती दीर्घ आजाराच्या रुग्णांची दोन मोठी इस्पितळं: १९३९ चं गोल्डवॉटर आणि १९५२ चं कोलर.

मग १९६९ मध्ये शहराने हे बेट राज्य सरकारच्या अर्बन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं. महामंडळाचे प्रमुख होते एड लोग. आराखडा केला फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी या वास्तुविशारदांनी. सुमारे वीस हजार वस्तीचं नवं गाव, श्रीमंत, मध्यमवर्गीय आणि गरीब एकाच रस्त्यावर, मोटारी पुलाच्या तोंडाशी असलेल्या बहुमजली वाहनतळात सोडायच्या, आणि आत बसने किंवा पायी फिरायचं, अशी ती कल्पना. १९७३ मध्ये बेटाला अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं नाव मिळालं आणि १९७५ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली.

नेमक्या त्याच वर्षी, फेब्रुवारी १९७५ मध्ये, महामंडळाला आपल्या रोख्यांचे पैसे फेडता आले नाहीत. शहरही दिवाळखोरीच्या काठावर होतं. पहिल्या इमारती उभ्या राहिल्या, पुढचं सगळं रखडलं. रखडलेल्या गोष्टींतली सर्वांत महत्त्वाची म्हणजे मेट्रो. बेटाखालून जायचा बोगदा ठरलेला होता, स्थानकही ठरलेलं होतं, पण गाडी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

पूर्वी क्वीन्सबरो पुलावरून विजेची ट्राम धावायची. ती पुलाच्या मध्यावर थांबे आणि तिथून लिफ्टने खाली बेटावर उतरता येई. ती ट्राम १९५७ साली बंद पडली, लिफ्टची इमारतही १९७० मध्ये पाडली गेली. म्हणजे लोक राहायला आले तेव्हा मॅनहॅटनला जाण्याची सरळ वाटच नव्हती. म्हणून मेट्रो येईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून मे १९७६ मध्ये रोपवे सुरू झाला. पुलाला समांतर, मॅनहॅटनच्या सेकंड अॅव्हेन्यूपासून बेटापर्यंत, एका किलोमीटरला थोडं कमी अंतर, तीन-चार मिनिटांचा प्रवास. मेट्रोचं स्थानक उघडलं ऑक्टोबर १९८९ मध्ये. तेरा वर्षं तात्पुरती राहिलेली सोय मग कुणी काढूच शकलं नाही. आपल्याकडेही तात्पुरत्या म्हणून उभारलेल्या शेडमध्ये पिढ्यान् पिढ्या कचेऱ्या चालतात. हा प्रकार सरकारी कामात सगळीकडे सारखाच असावा.

कोण काय पाहतं

बेटावरचा कारभार समजून घ्यायचा तर एका दिवसात रहिवाशाचा कुणाकुणाशी संबंध येतो ते पाहावं.

सकाळी तो कचऱ्याची पिशवी मजल्यावरच्या झडपेतून खाली सोडतो. पुढचं काम हवा करते. जमिनीखाली सुमारे वीस इंच व्यासाच्या नळांचं जाळं आहे. दिवसातून काही वेळा मोठे पंखे सुरू होतात आणि सगळ्या इमारतींच्या तळाशी साठलेला कचरा वेगाने बेटाच्या उत्तर टोकाकडच्या केंद्रात ओढून नेतात. तिथे तो दाबून पेट्यांत भरतात आणि ट्रकने बेटाबाहेर नेतात. स्वीडनची ही यंत्रणा १९७५ पासून चालू आहे. अमेरिकेत तिच्याआधी ती फक्त फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये बसली होती. घरोघर फिरणारी कचऱ्याची गाडी नको, हा यामागचा हेतू. ते केंद्र चालवतात शहराच्या स्वच्छता खात्याचे कर्मचारी. इमारतीतली झडप आणि उभा नळ मात्र इमारतीच्या मालकाचा. कुणी त्यात भलतंच काही कोंबलं आणि नळ तुंबला, की तो नेमका कुठे तुंबला यावर ठरतं की फोन कुणाला करायचा.

मुलं जातात ती शहराच्या सरकारी शाळेत. वाचनालय न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं. मेट्रो राज्याच्या वाहतूक प्राधिकरणाची. रस्त्यावर गस्त घालणारे गणवेशधारी रक्षक बेट चालवणाऱ्या महामंडळाचे, पण गुन्हा गंभीर असेल तर शहराचे पोलीस येतात आणि ते येतात क्वीन्समधल्या ११४ व्या ठाण्याहून, कारण बेट मॅनहॅटनचं असलं तरी रस्ता क्वीन्सचा आहे. मेन स्ट्रीटवरची लाल रंगाची मोफत बस महामंडळाची. रोपवे महामंडळाचा. वाहनतळ, बागा, खेळाची मैदानं, नदीकाठची भिंत, दुकानांचे गाळे, सगळं महामंडळाचं.

हे महामंडळ १९६९ च्या महामंडळापेक्षा वेगळं: रूझवेल्ट आयलंड ऑपरेटिंग कॉर्पोरेशन. बेटावर सगळे त्याला 'रिऑक' म्हणतात. राज्याच्या कायद्याने ते १९८४ मध्ये जन्माला आलं. नऊ जणांचं संचालक मंडळ. त्यात राज्याचे गृहनिर्माण आयुक्त आणि अर्थसंकल्प संचालक पदसिद्ध. बैठकीच्या अध्यक्षस्थानीही गृहनिर्माण आयुक्तच. उरलेले सात गव्हर्नर नेमतात, त्यांतले दोन शहराच्या महापौरांच्या शिफारशीने. गव्हर्नर बसतात ऑल्बनीला, दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. रिऑकला कर बसवण्याचा अधिकार नाही. इमारतींकडून येणारं जमिनीचं भाडं, वाहनतळाचे पैसे, दुकानांचं भाडं, रोपवेची तिकिटं, यांवर तिचा गाडा चालतो. सुरुवातीला राज्य अनुदान देत असे. १९९० च्या दशकात ते बंद झालं आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा एकच मार्ग उरला: मोकळ्या जागेवर नव्या इमारती उभ्या करू द्यायच्या आणि त्यांच्याकडून भाडं घ्यायचं. बेटाच्या दक्षिण भागातले उंच मनोरे त्यातूनच आले.

रहिवाशाला मत नाही असं नव्हे. महापौर, नगर परिषदेचा सदस्य, राज्याच्या विधिमंडळातले प्रतिनिधी, गव्हर्नर, सगळ्यांसाठी तो मतदान करतो. पण यांतल्या कुणाच्याही मतदारसंघात बारा हजारांचं बेट म्हणजे एक कोपरा. आणि बेट रोजच्या रोज ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासाठी मतपेटीच नाही. रहिवासी संघटना आहे, १९७० च्या दशकापासून. तिचे प्रतिनिधी इमारतवार निवडून येतात, सभा होतात, ठराव होतात. ठराव बंधनकारक नसतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. नवी मुंबई कितीतरी वर्षं सिडकोच चालवत होती. महापालिका १९९२ मध्ये आली आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हातात राहिली, तेव्हा पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता, आणि तरीही गटार तुंबलं की कुणाच्या दारात जायचं हे लोकांना कळेनासं झालं होतं. फरक इतकाच की मुंबईत ती अडचणीची स्थिती होती. रूझवेल्ट बेटावर कायद्यानेच तशी व्यवस्था केलेली आहे.

अकरा तास

रोपवेच्या जुन्या रचनेत दोन केबिन एकाच फिरत्या दोरावर होत्या. रहाटाचा एक पोहरा वर येताना दुसरा खाली जावा, तसं. एक थांबली की दुसरीही थांबणार.

२ सप्टेंबर २००५ रोजी रोपवे दीडेक तास अडकला. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला, संध्याकाळी कामावरून घरी परतण्याच्या वेळेला, वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने यंत्र बंद पडलं, आणि अशा वेळेसाठी ठेवलेली पर्यायी यंत्रणाही चालली नाही. दोन्ही केबिन हवेत. दोन्हींत मिळून सत्तरच्या आसपास माणसं. त्यांत लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. खाली नदी आणि मॅनहॅटनचे रस्ते, बाजूला पुलावरून वाहनं चाललेली. वरच्या दोरावरून पिंजऱ्यासारखी बचाव-गाडी पाठवून एका वेळी थोडी थोडी माणसं उतरवावी लागली. आधी लहान मुलं आणि त्यांच्याबरोबरची मोठी माणसं. शेवटचे प्रवासी खाली आले तेव्हा पहाट व्हायला आली होती. पहिल्या झटक्यापासून जवळपास अकरा तास गेले होते.

रात्रभर दूरचित्रवाणीवर तेच चित्र होतं. शहराचे पोलीस, अग्निशामक दल, महापौर, सगळे कामाला लागले. ज्या रोपवेचा शहराशी मालकीचा काही संबंध नव्हता त्याने संपूर्ण शहराला जागं ठेवलं. रोपवे त्यानंतर सप्टेंबरपर्यंत बंद राहिला.

या घटनेचा सरकारी कारभारावर झालेला परिणाम मला त्या रात्रीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. रोपवे तीस वर्षांचा झाला आहे, तो बदलायला हवा, हे बेटावरचे लोक २००६ च्या आधीही सांगत होतेच. पण भांडवली खर्च ही अशी गोष्ट आहे की काही मोडेपर्यंत तिची गरज हिशेबात दिसत नाही. अनुदान बंद झालेल्या महामंडळाला तर ती अजिबातच दिसत नाही. १८ एप्रिलनंतर ती सगळ्यांना दिसली. दुरुस्तीची चर्चा मागे पडली, नव्या यंत्रणेची सुरू झाली.

नवी यंत्रणा फ्रान्सच्या पोमा कंपनीने बसवली. खर्च अडीच कोटी डॉलर. मनोरे तेच ठेवले, पण प्रत्येक केबिनला स्वतंत्र दोर, स्वतंत्र यंत्र. आता एक केबिन दुरुस्तीला काढली तरी दुसरी चालू राहू शकते, आणि वाहक दोर एकमेकांपासून लांब बसवल्याने वाऱ्यात केबिन कमी हेलकावते. त्यासाठी रोपवे मार्च २०१० मध्ये बंद झाला आणि ३० नोव्हेंबरला पुन्हा सुरू झाला.

हे नऊ महिने बेटासाठी कठीण होते. मेट्रो असताना कठीण का, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. बेटावरचं मेट्रो स्थानक शहरातल्या सर्वांत खोल स्थानकांपैकी आहे, फलाट जमिनीपासून सुमारे शंभर फूट खाली. सरकते जिने किंवा लिफ्ट बंद असली की गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी स्थानक असून नसल्यासारखं. शिवाय दोन दीर्घोपचार इस्पितळांमुळे आणि इमारती बांधतानाच उतार आणि रुंद दारं ठेवल्यामुळे या बेटावर चाकाच्या खुर्चीतून फिरणारी माणसं नेहमीच लक्षणीय संख्येने राहिली आहेत. रोपवे त्यांच्यासाठी सरळ खुर्चीसकट आत शिरता येईल असं वाहन आहे. मॅनहॅटनच्या दवाखान्यांकडे जाणाऱ्यांची ती मुख्य वाट. तरीही नऊ महिन्यांच्या गैरसोयीला मोठा विरोध झाला नाही, कारण ते काम कशासाठी चाललंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जे मागितलं होतं तेच मिळत होतं.

खुर्च्या

रोपवेचा प्रश्न सुटत असतानाच दुसरा प्रयत्न चालू होता, संचालक मंडळातच शिरण्याचा.

बेटावरच्या काही जाणत्या रहिवाशांनी १९९० च्या दशकापासून स्वशासनाची मागणी लावून धरली होती. २००२ च्या कायदादुरुस्तीने त्यांना अर्धं यश दिलं: सात नेमलेल्या संचालकांपैकी पाच बेटावरचे रहिवासी असलेच पाहिजेत. बहुमत रहिवाशांचं. नेमणूक मात्र गव्हर्नरांचीच. मग २००८ मध्ये रहिवासी संघटनेने स्वतःच बेटावर मतदान घेतलं. उमेदवार उभे राहिले, लोकांनी मतं दिली, निवडून आलेली नावं शिफारस म्हणून ऑल्बनीला गेली आणि त्यांतल्या काहींना गव्हर्नरांनी खरोखर नेमलं.

ही पद्धत हुशारीची होती. कायद्यात जे नव्हतं ते प्रघात म्हणून आणायचं. पण प्रघात टिकण्यासाठी समोरच्याला तो मोडताना लाज वाटायला हवी. गव्हर्नर बदलतात, जागा रिकाम्या राहतात, मुदत संपलेले संचालक बदली माणूस येईपर्यंत बसून राहतात, आणि शिफारस ही शेवटी शिफारसच. शिवाय महामंडळाचा अध्यक्ष, म्हणजे रोजचा कारभार पाहणारा पगारी प्रमुख, कोण असावा यात गव्हर्नरांच्या कचेरीचा शब्द निर्णायक असतो. मंडळात शेजारी बसलेले आहेत, हा दिलासा खरा आहे. पण शेजारी म्हणून ऐकून घेणं आणि संचालक म्हणून सही करणं या दोन जागांमध्ये तो माणूस कात्रीत सापडतो. कारण अर्थसंकल्पाचा ताळमेळ जमवायचा आहे आणि पैसे येतात ते विकासकांकडून आणि गाळ्यांकडून.

गाळ्यांचंच पाहा. मेन स्ट्रीटवरची दुकानं कित्येक वर्षं मरगळलेली होती, काही गाळे रिकामे. २०११ मध्ये रिऑकने ते सगळे एकगठ्ठा हडसन आणि रिलेटेड या विकासकांच्या भागीदारीला भाडेपट्ट्याने दिले. बेटावरचे दक्षिणेचे मनोरे बांधणारेही तेच. काही नवी दुकानं आली, हे मान्य करायला हवं. पण पाव-दूध कुठे मिळावं, हा गावातला सर्वांत रोजचा प्रश्न आता महामंडळाच्याही हातून एक पायरी दूर गेला. या निर्णयासाठी कुणीही अकरा तास हवेत लटकलं नव्हतं, त्यामुळे त्यावर बेटाबाहेर कुणाचं लक्षही गेलं नाही.

घरांचंही तसंच. सुरुवातीच्या चार वसाहती राज्याच्या मिचेल-लामा योजनेखाली बांधल्या होत्या, मध्यम उत्पन्नाच्या लोकांना परवडावीत म्हणून. विकासकाला कमी व्याजाचं कर्ज आणि करसवलत, बदल्यात भाड्यावर मर्यादा. ठरावीक वर्षांनी मालकाला योजनेतून बाहेर पडता येतं. त्यातली सर्वांत मोठी ईस्टवुड, सुमारे हजार घरांची, बाहेर पडली. मॅनहॅटनच्या बाजूची रिव्हरक्रॉस ही सहकारी इमारत २०१४ मध्ये बाहेर पडली. प्रत्येक इमारतीच्या अटी वेगळ्या, वाटाघाटी वेगळ्या, फायदा-तोटा वेगळा. सहकारी इमारतीतल्या सभासदाला घर बाजारभावाने विकण्याची वाट मोकळी झाली. भाड्याच्या इमारतीतल्या कुटुंबाला पुढच्या पिढीला इथे राहणं परवडेल का, ही चिंता लागली. एकाच रस्त्यावर सगळ्या थरांतले लोक ठेवायचे, ही १९६९ ची कल्पना इमारत-इमारत करून विरत गेली. रोपवेच्या वेळी सगळं बेट एका बाजूला होतं. घरांच्या प्रश्नावर तसं होणं शक्यच नव्हतं.

दगडमातीचे तराफे

या सगळ्याच्या उलट जाणारं एक उदाहरण आहे, आणि ते सोडलं तर हे प्रकरण लंगडं पडेल.

डिसेंबर २०११ मध्ये शहराने बेटाच्या दक्षिण भागातली गोल्डवॉटर इस्पितळाची जागा कॉर्नेल विद्यापीठाच्या नव्या तंत्रज्ञान संकुलासाठी निवडली. निवड महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीतली, बेटाला विचारून झालेली नव्हे. इस्पितळातले रुग्ण इतरत्र हलवायचे, जुनी इमारत पाडायची, मग संकुल उभं करायचं. एकाच रस्त्याच्या, एकाच पुलाच्या बेटावर वर्षानुवर्षं राडारोड्याचे आणि सिमेंटचे ट्रक. शाळेसमोरून, लाल बसच्या थांब्यांसमोरून.

पण इथे एक फरक होता. जमिनीचा वापर बदलायचा असल्याने प्रस्तावाला शहराची सार्वजनिक छाननी पार करावी लागली: आधी मॅनहॅटनचं आठव्या क्रमांकाचं समुदाय मंडळ, मग बरोचे, म्हणजे त्या विभागाचे, अध्यक्ष, मग नियोजन आयोग, शेवटी नगर परिषद. आणि नगर परिषदेत त्या भागाच्या निवडून आलेल्या सदस्याचा शब्द अशा वेळी फार जड असतो. रहिवाशांनी ती संधी सोडली नाही. ट्रक कमी करा, माल नदीतून आणा, हा त्यांचा आग्रह. मे २०१३ मध्ये परिषदेने मंजुरी दिली, आणि राडारोडा व बांधकामाचं सामान मोठ्या प्रमाणात तराफ्यांवरून ने-आण करण्याचं ठरलं. तसं झालंही. संकुल सप्टेंबर २०१७ मध्ये उघडलं.

या लढाईत बेटाने जे मिळवलं ते कुठलाही अपघात न होता मिळवलं. कारण समोर ज्यांचं मत निर्णायक होतं, त्यांना बेटाच्या मताची गरज होती. रिऑकच्या भाडेपट्ट्यांना अशी छाननी लागत नाही. तिथे उघड बैठक होते, कुणीही येऊन बोलू शकतं, आणि मग मतदान होतं ते नेमलेल्यांचं.

गर्दी

आता रोपवेवर नवा ताण आहे. २००४ पासून मेट्रोचंच कार्ड रोपवेला चालतं आणि भाडंही मेट्रोइतकंच आहे. न्यूयॉर्क उंचावरून पाहण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही, हे पर्यटकांना समाजमाध्यमांनी सांगून टाकलं. २०१२ मध्ये बेटाच्या दक्षिण टोकाला वास्तुविशारद लुई कान यांच्या आराखड्यानुसार फोर फ्रीडम्स पार्क उघडलं, मग कॉर्नेलचं संकुल आलं, आणि बेट स्वतःच बघण्यासारखं ठिकाण बनलं. एप्रिल २०१९ मध्ये चेरीच्या बहराच्या उत्सवाला इतकी माणसं लोटली की बेटाच्या सगळ्या वाटा कोंडल्या. ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात बोगद्यातल्या रुळांच्या कामासाठी एफ गाडीचा नेहमीचा मार्ग बंद होता आणि बेटाला अधूनमधून येणाऱ्या शटल गाडीवर भागवावं लागलं, तेव्हा रोपवेच्या रांगा आणखी वाढल्या. मॅनहॅटनच्या बाजूला शनिवारी दुपारी भाजीच्या पिशव्या घेतलेला रहिवासी छायाचित्रं काढणाऱ्यांच्या मागे उभा राहतो आणि भरलेली केबिन निघून जाताना बघतो.

रहिवाशांची मागणी साधी आहे: आम्हाला आधी चढू द्या. अंमल तितका साधा नाही. रोपवे सार्वजनिक वाहतूक आहे. कार्ड दाखवणाऱ्याचं घर कुठे आहे हे यंत्राला कळत नाही. अपंगांना आणि वृद्धांना प्राधान्य देणं सर्वमान्य आहे. बेटावर कामाला येणारी परिचारिका, संकुलातला विद्यार्थी, रहिवाशाकडे येणारी त्याची आई, यांचं काय, हे कुणीतरी ठरवायला हवं. शिवाय पर्यटक तिकिटाचे पैसे देतो आणि महामंडळाला त्या पैशांची गरज आहे. रहिवाशांची अडचण हीच महामंडळाची मिळकत असेल, तर महामंडळाने स्वतःहून त्यात हात घालावा ही अपेक्षा भाबडी आहे. पर्यटकासाठी वेगळं, जास्त भाडं हा मला त्यातल्या त्यात सरळ उपाय वाटतो. पण त्यासाठी शहरभर चालणाऱ्या कार्डाच्या व्यवस्थेत फट पाडावी लागेल, आणि ते कार्ड राज्याच्या वाहतूक प्राधिकरणाचं. म्हणजे पुन्हा ऑल्बनी.

आणि ज्या प्रश्नावर सगळ्यात कमी बोललं जातं तो २०६८ चा. शहराने राज्याला दिलेला ९९ वर्षांचा पट्टा त्या वर्षी संपतो, आणि त्यावर उभ्या असलेल्या इमारतींचे पोटपट्टे त्याच तारखेला बांधलेले आहेत. सिडकोच्या साठ वर्षांच्या पट्ट्यावरच्या घरात राहणाऱ्याला हे गणित शिकवावं लागत नाही: २०३८ नंतर तीस वर्षांचं गृहकर्ज मागायला जाणाऱ्याला बँक पट्ट्याची तारीख दाखवणार, आणि घराची किंमत त्याच्या कितीतरी आधीपासून घसरू लागणार. मुदत वाढवायची तर शहर आणि राज्य यांना एकमेकांशी करार करावा लागेल. त्या करारावर सही करणाऱ्यांत बेटावरचा कुणीही पक्षकार म्हणून नसेल. रिऑकच्या मंडळातले पाच रहिवासी फार तर राज्याच्या बाजूने टेबलाशी बसतील, तेही त्या वेळच्या गव्हर्नरांनी त्यांना नेमलं असेल तर.